गेम बनवायचाय म्हणणाऱ्या मुलाची पहिली प्रोग्रॅमिंग भाषा

"पोराला गेम बनवायचाय, कुठली लँग्वेज सुरू करू?" हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी एप्रिलच्या शेवटी, सुट्टीच्या तोंडावर हमखास येतो. विचारणारे बाबा बऱ्याचदा स्वतः इंजिनिअर असतात आणि उत्तर त्यांनी मनात ठरवूनच आणलेलं असतं. पोरगं शेजारी उभं राहून मोबाइल बडवत असतं. मी त्यालाच विचारतो, "कसला गेम करायचाय रे?" उत्तर येतं, "फ्री फायरसारखा. पण आपल्या गावातला."

मला हे उत्तर आवडतं, कारण 'आपल्या गावातला' हा भाग त्याचा स्वतःचा आहे. फ्री फायरसारखा गेम मात्र मोठी टीम वर्षानुवर्षं खपून बनवते, आणि हे त्याला दोन महिन्यांनी कळण्याऐवजी आजच कळलेलं बरं. भाषा निवडताना माझी कसोटी एकच असते: पहिल्या आठवड्यात मुलानं स्वतः केलेलं काहीतरी पडद्यावर हललं पाहिजे आणि महिनाभरात एक छोटासा गेम पुरा झाला पाहिजे. हे जिच्यात जमेल ती त्याची पहिली भाषा. पुढे नोकरीत काय लागेल, हा विचार दहा वर्षांच्या मुलासाठी करू नका. ते नोकरीला लागेपर्यंत काय चालत असेल हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पायरी १: घरात कुठलं यंत्र आहे ते बघा

वयाच्याही आधी हे बघायचं, कारण अर्धी निवड इथेच होऊन जाते.

लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर असेल, जुना का असेना, तर बहुतेक वाटा मोकळ्या आहेत. स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची मुलांसाठीची भाषा) ब्राउझरमध्ये चालतं. नेटचा भरवसा नसेल तर त्याचं ऑफलाइन ॲप फुकट मिळतं, त्याला विंडोज १० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. टॅबलेटवरही स्क्रॅच ठीक चालतं.

घरात फक्त फोन असेल तर स्क्रॅचचा नाद सोडा. त्यावर बनवलेला गेम फोनवर खेळता येतो, पण तेवढ्याशा पडद्यावर ठोकळे ओढून जोडायचे म्हणजे बोटांचे हाल. अशा घरासाठी पॉकेट कोड हे अँड्रॉइड ॲप आहे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या तंत्रविद्यापीठात सुरू झालेल्या कॅट्रोबॅट प्रकल्पातून ते आलं. फुकट आहे, फोनसाठीच बनवलेलं आहे आणि कल्पना स्क्रॅचचीच आहे. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथला कॉम्प्युटर आठवड्यातून एक तास मिळतो का, तेही विचारून ठेवा. या प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहेत.

एक विनंती: यासाठी नवा गेमिंग लॅपटॉप घेऊ नका. त्यावर गेम खेळले जातील, बनवले जाणार नाहीत.

पायरी २: मुलाला वाचता आणि टाइप करता किती येतं?

वय हा ढोबळ अंदाज झाला. खरा प्रश्न वाचनाचा आणि कीबोर्डचा आहे.

अजून अडखळत वाचणाऱ्या, साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी स्क्रॅचज्युनिअर आहे. त्यातल्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रं असतात. त्यात खरा गेम होत नाही, गोष्ट होते: मांजर चालत येते, ससा उडी मारतो. या वयाला तेवढं भरपूर झालं. या वयाच्या मुलाला महागडा कोडिंग क्लास लावायची गरज मला कधीच पटलेली नाही.

आठ ते बारा वर्षं असतील, तर स्क्रॅच. इथे मला फारसा वाद दिसत नाही.

तेरा-चौदाच्या पुढचं मूल असेल, कीबोर्डवर हात बसलेला असेल आणि "हे ठोकळे लहान मुलांचे आहेत" असं नाक मुरडत असेल, तर थेट पायथन, म्हणजे टाइप करून लिहायची भाषा, चालेल. तरीही दोन रविवार स्क्रॅचवर काढले तर ते वाया जात नाहीत.

स्क्रॅचच का?

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटानं ते बनवलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची मुळं १९६७ च्या लोगो भाषेपर्यंत जातात. शाळेत ज्यांनी पडद्यावरच्या कासवाला 'पुढे १००, उजवीकडे ९०' असं सांगून चौकोन काढला असेल, त्यांनी ही भाषा वापरलेली आहे.

स्क्रॅचचा मोठा गुण म्हणजे त्यात चुकीचं वाक्य लिहिताच येत नाही. ठोकळ्यांना खाचा असतात. जिथे हो-नाही असं उत्तर देणारा ठोकळा लागतो तिथे षटकोनी खाच असते, आणि संख्येचा गोल ठोकळा तिथे बसतच नाही. अर्धविराम राहिला, कंस मिटला नाही, स्पेलिंग चुकलं, असल्या भानगडी नाहीत. चूक होते ती विचारात होते, आणि ती शोधण्यातच तर शिकणं आहे.

दुसरा गुण गणिताचा. स्क्रॅचचा रंगमंच ४८० रुंद आणि ३६० उंच असतो, आणि शून्य बरोबर मध्यभागी. म्हणजे आडवा एक्स उणे २४० पासून २४० पर्यंत, उभा वाय उणे १८० पासून १८० पर्यंत. आपल्याकडे पूर्णांक संख्या सहावीत येतात आणि निर्देशक भूमिती नववीत. चौथीतल्या मुलीला मी 'उणे ५' समजावत बसलो नव्हतो. गेममधला आंबा खाली पाडायचा तर वायमध्ये उणे ५ मिळवायचे, हे तिनं दहा मिनिटांत स्वतःच शोधलं.

मराठी माध्यमाच्या मुलाचं इंग्रजीवाचून अडेल, ही भीती अनाठायी आहे. ठोकळ्यांवरचे वीस-पंचवीस शब्द आठवड्याभरात तोंडपाठ होतात. शिवाय चलांना (बदलते आकडे साठवायच्या डब्यांना) आणि स्वतः बनवलेल्या ठोकळ्यांना नावं देवनागरीत देता येतात: गुण, जीव, वेग. मी तर सगळ्यांना मराठीतच नावं द्यायला लावतो. 'एस १' आणि 'टेम्प' असली नावं ठेवणारं मूल आठवड्यानं स्वतःचाच गेम उघडून डोकं खाजवत बसतं.

पायरी ३: पहिला गेम मुठीत मावेल एवढाच निवडा

गेम एका वाक्यात सांगता आला पाहिजे. 'आंबे पडतात, टोपलीत पकडायचे, तीन खाली पडले की संपलं.' झालं. मुलाच्या वाक्यात 'आणि मग' तीनदा आलं, तर त्यातला पहिला तुकडा घ्या आणि बाकीचे वहीत लिहून ठेवा.

इथे मोठी माणसं एक चूक हटकून करतात. "सापशिडी कर की, सोपी आहे!" सापशिडी खेळायला सोपी आहे, बनवायला नाही. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, अशी नागमोडी शंभर घरं. त्यातलं ३७ नंबरचं घर पडद्यावर नेमकं कुठे, याचं गणित मांडायला मोठ्यांनाही कागद लागतो. वर दोन खेळाडूंच्या पाळ्या. क्रिकेटचंही तेच. उलट आंबे पकडणं, भिंतीवर चेंडू आपटणं, चक्रव्यूहातून उंदीर बाहेर काढणं हे पहिल्या महिन्यात होण्यासारखं आहे.

पायरी ४: आंब्यांचा गेम, ठोकळ्या-ठोकळ्यानं

हे मूल करेल. तुम्ही शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका. मला स्वतःला हे शिकायला फार वेळ लागला.

पहिल्या बैठकीत फक्त टोपली. स्क्रॅच उघडल्यावर दिसणारं मांजराचं चित्र काढून टाका आणि टोपली स्वतः रंगवायला सांगा. कागदावर काढून फोटो घेतला तरी चालतं. टोपली वाय उणे १४० वर ठेवा. मग हिरवा झेंडा दाबल्यावर चालू होणारा 'फॉरएव्हर', म्हणजे न थांबणारा फेरा लावा. त्याच्या पोटात दोन अटी: डावा बाण दाबलेला असेल तर एक्समध्ये उणे १०, उजवा दाबलेला असेल तर १०.

सोप्या दिसणाऱ्या 'बाण दाबला की' या टोपीवाल्या ठोकळ्यानंही टोपली हलते. मुलं आधी तोच उचलतात, उचलू द्या. बाण दाबून धरला की टोपली एकदा हलते, क्षणभर थबकते आणि मग धावत सुटते. कीबोर्डवर एखादं अक्षर दाबून धरल्यावर जे होतं तेच हे. "ही अडखळते का?" असा प्रश्न मुलाकडून आला की मग फेऱ्याचा उपाय दाखवा. आधीच दाखवला तर तो कशासाठी आहे हे कळत नाही.

दुसऱ्या बैठकीत आंबा. न थांबणाऱ्या फेऱ्यात चार कामं क्रमानं येतात. आंब्याला वर न्या: वाय १८०, आणि एक्स उणे २२० ते २२० मधला कुठलाही, तो आकडा निवडण्याचं काम कॉम्प्युटरचं. मग 'वाय उणे १७० पेक्षा कमी होईपर्यंत किंवा टोपलीला लागेपर्यंत' वायमध्ये उणे ५ मिळवत राहा. तो फेरा संपला की विचारा, टोपलीला लागलाय का? लागला असेल तर गुण एकानं वाढवा. नसेल तर जीव एकानं कमी करा, आणि जीव शून्य झाले की सगळं थांबवा.

आता गणिताच्या वहीत नसलेलं एक गणित घाला. स्क्रॅच सेकंदाला ३० वेळा चित्र बदलतं. आंबा १८० पासून उणे १७० पर्यंत, म्हणजे ३५० पावलं खाली येतो, दर वेळी ५. किती सेकंदांत पडेल? ७० वेळा हलायचं, म्हणजे सव्वादोन सेकंदांहून थोडं जास्त. घड्याळ लावून बघायला सांगा. आकडा जुळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तिसरी बैठक सजावटीची, आणि मूल खरं गुंततं ते इथे. आंबा हुकला की कुठला आवाज यायचा? माझ्या भाचीनं तिच्या आजीचं "अगं बाई!" रेकॉर्ड करून घातलं होतं. गेम खेळण्यापेक्षा आंबे मुद्दाम पाडण्यातच सगळ्यांना मजा येऊ लागली, आणि गेम म्हणजे काय यावर घरात चांगली अर्धा तास चर्चा झाली.

मग कुणीतरी म्हणतं, "आजीच्या फोनवर पाठव ना." फोनवर बाणांच्या कळा नसतात, त्यामुळे टोपली ढिम्म हलत नाही. टोपलीच्या फेऱ्यात 'एक्स बरोबर माउसचा एक्स' एवढं केलं की बोट फिरेल तशी टोपली फिरते. टर्बोवार्प या वेबसाइटवरच्या पॅकेजरमधून गेमची एकच फाइल करून पाठवता येते. स्क्रॅचचं खातं काढायची सक्ती नाही. गेम कॉम्प्युटरवरच जपून ठेवता येतो. खातं काढलंच तर त्यात खरं नाव, शाळा, गाव घालू नका.

अडतं कुठे?

शंभरातल्या ऐंशी अडचणी पुढच्या तीन प्रकारांतल्याच असतात, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. पहिली: अट फेऱ्याच्या बाहेर राहिलेली. झेंडा दाबताच कॉम्प्युटर एकदाच विचारतो, 'टोपलीला लागलाय का?' तेव्हा आंबा वर असतो, उत्तर 'नाही', विषय संपला. मुलाला म्हणा, "तू स्वतः कॉम्प्युटर हो आणि ठोकळे वरून खाली मोठ्यानं वाच." वाचता वाचताच चूक सापडते. दुसरी: गेम पुन्हा सुरू केला की जुनेच गुण दिसतात, कारण सुरुवातीला गुण शून्य आणि जीव तीन करायचं राहिलेलं असतं. तिसरी: टोपलीचा कोड चुकून आंब्याला लावलेला. रंगमंचाखालच्या चित्रांपैकी कुठलं निवडलेलं आहे ते आधी बघायची सवय लावा.

"आधी सी शिकव, पाया पक्का होईल"

सी भाषा शिकायच्या जुन्या टर्बो सी प्रोग्रॅमच्या निळ्या पडद्यावर ज्यांची इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं गेली, त्या पिढीचं हे लाडकं मत आहे. मीही त्याच निळ्या पडद्यातून आलोय. तिथे आम्ही मूळ संख्या छापल्या, चांदण्यांचे त्रिकोण छापले, आणि वर्गातले निम्मे कायमचे कंटाळले. सी वाईट नाही. मोठे गेम बनवायच्या अनरिअल इंजिनची भाषा सी++ आहे हेही खरं. पण सीमध्ये पडद्यावर एक चित्र आणून हलवण्याआधी मुलाला लायब्ररी जोडणं, कंपाइल करणं, पॉइंटर असं बरंच ओझं वाहावं लागतं. अकरा वर्षांच्या मुलाकडे तेवढा धीर नसतो, आणि तो नसणं हा त्याचा दोष नाही.

बाकीच्या वाटा

रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममध्ये बुडालेल्या मुलाला त्यातलेच गेम बनवायचा रोब्लॉक्स स्टुडिओ दाखवा. तो फुकट आहे, पण फोनवर चालत नाही, बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतो. त्यातली लुआउ ही भाषा ब्राझीलमध्ये जन्मलेल्या लुआवरून आली आहे आणि शिकायला कठीण नाही. अनोळखी लोकांशी गप्पा आणि रोबक्सवर (त्यातल्या चलनावर) जाणारे पैसे यांवर मात्र मोठ्यांचं लक्ष हवं, म्हणून बाराच्या आत मी ती सुचवत नाही.

मायक्रोसॉफ्टचं मेककोड आर्केड हा स्क्रॅच आणि पायथन यांच्यामधला छान पूल आहे. पडदा मुद्दाम छोटा, १६० बाय १२०, जुन्या व्हिडिओ गेमसारखा. तोच गेम ठोकळ्यांत, जावास्क्रिप्टमध्ये किंवा पायथनमध्ये उलटून-पालटून बघता येतो.

युनिटी हे गेम बनवायचं इंजिन आणि त्याची सी शार्प भाषा नववी-दहावीच्या आत नको. त्याऐवजी गोडो हे इंजिन बघा: दोन अर्जेंटिनी प्रोग्रॅमरांनी बनवलेलं, २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं, जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालणारं. त्याची जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी दिसते, त्यामुळे पायथननंतरचा मुक्काम म्हणून फार सोयीचं पडतं.

क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला त्याचा गेम उघडायला सांगा आणि म्हणा, "यातला शत्रू दुप्पट वेगानं पळव." तो नेमक्या जागी जाऊन आकडा बदलत असेल तर क्लास चांगला. सरांकडे बघत असेल तर प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो, परत फिरा.

पायरी ५: पायथनकडे कधी आणि कसं वळायचं?

तारीख ठरवू नका, लक्षणं बघा. एकच ठोकळ्यांचा डोंगर दहा आंब्यांसाठी दहा वेळा चिकटवणं त्याला नकोसं होऊ लागतं. कोड इतका लांबतो की शोधताना वर-खाली सरकवूनच हात दुखतो. "खरा कोड कसा दिसतो?" असं ते आपणहून विचारतं. ही लक्षणं दिसायला बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष लागतं.

थॉनी हा कोड लिहायचा एडिटर घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो नवशिक्यांसाठीच बनवला गेला आणि पायथन त्याच्या सोबतच येते. पहिले दोन दिवस पायथनमधलंच टर्टल वापरा: लोगोचं तेच कासव, दहा ओळींत चांदणी. मग गेमसाठी पायगेम झीरो, हे पायथनला जोडायचं साधन. ते मोठ्यांनी एकदा बसवून द्यावं, कारण बसवण्यातच मुलाचा उत्साह संपायला नको. चित्रांच्या फाइली 'इमेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, नावं इंग्रजी लहान अक्षरांत. ही एक गोष्ट विसरली की चित्र सापडतच नाही.

पायथनचे राखीव शब्द मोजून ३५ आहेत, आणि पहिल्या गेमला त्यातले दहाही लागत नाहीत. बाकीची नावं आपली. 'गुण' असं देवनागरीत लिहिलेलं चलाचं नावही पायथनला चालतं; कोडमधला आकडा मात्र इंग्रजीतच लिहावा लागतो, मराठी ५ लिहिला तर ती अडून बसते. खरी मारामारी असते कीबोर्डशी: अपूर्णविराम, अवतरण चिन्हं, ओळीच्या सुरुवातीच्या चार मोकळ्या जागा. लाल अक्षरांत चूक आली की सगळं वाचत बसायचं नाही. आधी शेवटची ओळ वाचायची, मग वर दिलेला ओळीचा क्रमांक बघायचा.

आणि नवा गेम काढू नका. तेच आंबे, तीच टोपली पुन्हा करा. गेम डोक्यात पक्का असला की लक्ष फक्त भाषेकडे राहतं. खिडकी ४८० बाय ३६० ठेवा, म्हणजे स्क्रॅचसारखीच वाटेल. मूल सवयीनं वायमधून ५ वजा करील, आणि आंबा खाली पडण्याऐवजी वर उडून जाईल. कोड बिघडलेला नाही. पायगेम झीरोमध्ये शून्य डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली जाताना वाढतो. वजाचं अधिक करा. आता आंबा पडेल, पण स्क्रॅचच्या दुप्पट वेगानं, कारण इथे चित्र सेकंदाला ३० ऐवजी ६० वेळा बदलतं. का ते सांगू नका, घड्याळ हातात द्या. ५ च्या जागी २.५ त्याचं तेच लिहील.